राजघाटाजवळच्या मैदानाची मधली रेघ

मी, रंभाबाई, कै. सखाराम महाजन यांची पत्नी, वय अदमासे सदुसष्ट, धंदा दुधाचा, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे दत्तात्रय मास्तर म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणाला घालून बघायचा असेल तर बघावा.

अक्षर वेडेवाकडे आहे, कारण मी शाळेत गेले नाही. लेकीच्या अंकलिपीवरून शिकले. खाडाखोडही दिसेल. दर दोन ओळींनी उठून मैदानावर नजर टाकून येते. दिवाळी पाडव्याचा, नदीपलीकडच्या जैनाबादशी हुतुतूचा सामना आठ दिवसांवर आला आणि आपले नऊ गडी अजून ठरलेले नाहीत.

१. इतवाऱ्यातील राहते घर गिरधर आणि लीलाधर या माझ्या दोन मुलांना सारखे. गळकी पडवी दोघांनाही नको आहे, ती दोघांनी मिळून शाकारावी.

२. चंद्री म्हैस थोरली सून कुसुम हिला. धाकट्या अलकाने तोंड वाकडे करू नये. चंद्री कुसुमलाच पान्हा सोडते, तेव्हा हे म्हशीने ठरवले आहे, मी नाही. अलकाला पितळेची सगळी भांडी.

३. सोन्याच्या पाटल्या माझी लेक मालू, राहणार दापोरा, हिला. तिच्याबद्दल पुढे आणखी आहे.

४. जैनाबादच्या धुरपदाबाईला माझा बसायचा पाट. आम्ही दोघी तरण्या होतो तेव्हा बायांनी मैदानाशी उभे राहायची रीत नव्हती. मी भिंतीवर गोवऱ्या थापायच्या निमित्ताने सामने पाहिले. चढाई रंगली की गोवरी हातातच राहायची. धुरपदा नदी उतरून शेण मागायला म्हणून यायची आणि आपल्या गावाचा गडी बाद झाला की टोपली आपटायची. एका वर्षी ती म्हणाली, "तुमच्या पोरांचा दम बशीतल्या चहाएवढा, फुंकर मारली की संपला." तेव्हापासून मी तिच्याशी सामन्याच्या दिवशी बोलत नाही, बाकी दिवशी बोलते. पाट तिने आमच्या बाजूला मांडून बसावे, तेवढीच शिक्षा.

५. आता मुख्य गोष्ट. राजघाटाजवळची मोकळी जागा, जिथे आपला संघ खेळतो, ती मी दुधाच्या पैशावर घेतली आणि माझ्या नावावर आहे. या जूनपासून नव्या कायद्याने बाईची वस्तू पुरती बाईची झाली, म्हणून मी हे लिहू शकते.

येत्या गुरुवारी नागपूर मुंबई राज्यात जाईल आणि आपण भोपाळच्या हाताखाली राहू. राज्ये साहेबलोकांनी वाटली, पण भांडण माझ्या ओसरीवर आले. गिरधर म्हणतो, "माय, वीस वर्षं आपण नागपूरलाच खेळलो. नाव तिकडंच निघतं." लीलाधर म्हणतो, "तिकडचे आता पाहुणा म्हणतील तुला. इंदूरवाले खेळवायला तयार आहेत."

"तिथं जाऊन हुतुतू सोडून कबड्डी कबड्डी करत बस मग."

"करीन. दम तर तोच लागतो ना?"

पाच गडी गिरधरकडे आहेत, चार लीलाधरकडे. गेल्या सोमवारी एक दोरी घेऊन आला, एक खुंट्या. दोघांनाही आपापल्या संघासाठी सगळी जागा हवी, वर काटेरी कुंपण.

"तूच फैसला कर, माय. जागा कोणाची?"

"मैदानात मधोमध बसलीय त्या म्हशीची," मी म्हटले. "तिला हाकला आणि घ्या."

कोणी हाकलली नाही. पण त्या दिवसापासून दोघे एका ताटाला बसत नाहीत.

खेळाचे म्हणाल तर, गिरधर चढाईला वाघ, पण परतताना उजवा पाय मागे ठेवतो. लीलाधरने धरलेला घोटा सुटत नाही, पण तो वाट पाहत उभा राहतो. वेगळे झाले तर एक नुसता धावेल आणि एक नुसता उभा राहील. जैनाबादने डाव्या कोपऱ्याला नवा गडी आणला आहे, केळीच्या खोडासारखा, दिसायला जाड, आत पाणी. त्याला दोन हुलकावण्या दिल्या की बसेल. पण द्यायच्या कोणी?

म्हणून वाटणी अशी. मधल्या रेघेच्या पूर्वेची अर्धी जागा गिरधरला, पश्चिमेची लीलाधरला. मधली रेघ, रस्त्यापासून नदीपर्यंत, हातभर रुंद, मालूची. तिच्या रेघेवर कुंपण, भिंत, खुंटी काही घालायचे नाही. सामना खेळायचा तर दुसऱ्याच्या अर्ध्यात जावेच लागेल, आणि जाताना बहिणीच्या जागेवर पाय पडेल. विकायचे तर तिघांच्या सह्या लागतील. मालूला विचारले. ती म्हणाली, "माय, एवढ्याशा पट्टीत मी काय लावू?" मी म्हटले, "काही लावू नको, तेच तुझं काम."

६. मी पाडव्याआधी गेले तर सुतक म्हणून कोणी घरी बसू नये. सामना व्हावा. रडणे संध्याकाळी.

७. कलम पाच लिहिताना मला समाधान नाही. आईने पोरांच्या मध्ये रेघ ओढू नये, हे मला कळते. म्हणून हेही लिहिते: पाडव्याला दोघे एकाच बाजूने उतरले, हरले तरी चालेल, तर मी हा कागद फाडीन आणि अख्खे मैदान नऊ गड्यांच्या नावे नवा लिहीन. मध्येच मला काही झाले तर मालूने तसे करवून घ्यावे. गिरधर-लीलाधरला यातले काही सांगितलेले नाही. साक्षीदारांनीही सांगू नये. कागदाच्या भीतीने एकत्र आलेले मला नकोत.

दुसरा कोरा कागद आणून ठेवला आहे. दोन्ही साक्षीदारांनी भाऊबीजेला पुन्हा येण्याचे कबूल केले आहे.

हे लिहून, वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

रंभाबाई सखाराम महाजन

साक्षीदार:
१. दत्तात्रय विष्णू कुळकर्णी, शिक्षक
२. प्रभाकर नारायण चौधरी, कंपाउंडर

मुक्काम बऱ्हाणपूर, शुक्रवार, ता. २६ ऑक्टोबर १९५६