मेट्रोच्या जिन्यावर झालेला गृहप्रवेश

मानपाडा, डोंबिवली पूर्व

ती. मंजुळाताईस,
धाकट्या कुंडलिकचा सप्रेम जयभीम.

गुडघे कसे आहेत? वर्तकनगरचे चार मजले अजून चढतेस ना? (लिफ्टचं पुढच्या वर्षी बघू, असं तुमची सोसायटी यंदा कितव्यांदा म्हणाली?) आम्ही इकडे खुशाल. घरांच्या सोडतीत माझं नाव लागल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हा पत्राचा घाट. रागव, तुझा हक्कच आहे. आठ वर्षं दोघांचे फॉर्म तूच भरलेस. मी नुसत्या सह्या ठोकल्या, त्याही “आपल्याला कोण देतंय स्टेशनजवळ घर” असं कुरकुरत. आणि लागलं ते माझं! ताई, हे छप्पर तुझ्यामुळे आहे, हे मी जन्मात विसरणार नाही.

गृहप्रवेशाला तू नव्हतीस, म्हणून झालेला घोळ सांगतो. पत्रिका मी लिहिली. नव्या इमारतीचं नाव कुणाला ठाऊक नाही, तेव्हा मोठ्या अक्षरांत छापलं ‘मेट्रो स्टेशन’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘समोरची इमारत, तिसरा मजला’. (मेट्रो अजून धावत नाही, स्टेशनही अर्धवट आहे, पण भाव खायला काय जातं?) माझे विठ्ठलवाडीचे साडू राजरत्न सगळ्यांच्या आधी आले ते थेट स्टेशनच्या जिन्यावर चढले आणि आहेराचा कुकर मांडीवर घेऊन बसले. आपल्यात वडीलधारा माणूस बसला की कार्य तिथेच. मागून आलेला प्रत्येक जण एकेक पायरी धरत गेला. तिथला वॉचमन राघो आधी हुसकायला आला होता, पण भन्तेजी येणार म्हटल्यावर त्यानेच जिना झाडून दिला. भन्तेजी आले, चाळीस माणसं पांढऱ्या कपड्यांत शांत बसलेली पाहिली आणि त्यांनी वंदना सुरू केली.

इकडे मी आणि सरोज खिरीच्या पातेल्याशेजारी, कोणी कसं येत नाही म्हणून एकमेकांवर खेकसत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ ऐकू आलं. पाहतो तर समोर जिन्यावर माझेच पाहुणे! मी टॉवेल हलवला. साडूंनी तिथूनच हात जोडले. मी आणखी जोरात हलवला, तेव्हा सरोज म्हणाली, “हात हलवू नका, जोडा. वंदना आपल्याच घराची चाललीय.” मग आम्ही दोघं खिडकीत उभे राहिलो. मला रडू आलं. एवढी माणसं माझ्यासाठी आली होती, आणि ज्या माणसामुळे खिडकी मिळाली ते तेवढं नव्हतं. नंतर सगळे वर आले, राघोसुद्धा. खीर उत्तम झाली होती म्हणे. मला चव कळली नाही.

दाजींना आणि प्रशांतला जयभीम सांग.

तुझा,
कुंडलिक

ता.क. वर ‘रागव’ लिहिलंय ते खोटं आहे. मला सहन होत नाही.

ता.क. दुसरा : आमच्या शेजारच्याच इमारतीची सोडत निघालीय. लिफ्ट आहे. तुझ्या नावाचा फॉर्म मी भरलाय, आयुष्यात पहिल्यांदा. (तुझी जन्मतारीख तीनदा चुकलो. आमची पोरगी पायल हसली.) आज शेवटचा दिवस. पत्र घेऊन आलेली पायल आता तुझ्यासमोर फोन उघडून बसली असेल. तुझ्या मोबाईलवर ओटीपीचे सहा आकडे येतील, ते तेवढे तिला सांग. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.