चौथ्या मजल्यावरची माती

भूम. शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर.

आज अम्मींना, माझ्या सासूला, माती दिली. आणि त्यांचा थोरला लेक, माझा नवरा, तिकडं मस्कतला चौथ्या मजल्यावर कोंडलेला. नव्या आजारामुळं कंपनीनं बिल्डिंगला कुलूप घातलंय, आणि देश सोडला की व्हिसा रद्द. मागच्या आठवड्यात अम्मीच त्यांना फोनवर म्हणल्या, "येऊ नको बेटा, मी बरी हाय." बऱ्या नव्हत्या. मला दिसत होतं की. मी का गप बसले?

आमच्यात बाया कब्रस्तानात जात न्हाईत. दीर सलीमनं व्हिडिओ कॉल लावला तेवढाच. हे समुद्रापलीकडं, मी दोन गल्ल्या अलीकडं, आणि दोघांनी बघितलं सारखंच. एका हातात फोन म्हणून सलीमनं दुसऱ्या हातानंच तीन मुठी माती टाकली. तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात हे वाकले. खोलीतल्या फरशीवरून ओंजळ भरल्यासारखी केली, आणि सोडली. तीनदा. चौथ्या मजल्यावर कुठली माती?

आत्ता ह्यांचा फोन आला होता.

"सलीमनं माझ्या नावाची माती टाकली का?"

न्हाय टाकली. कुणाला सुचलंच न्हाय.

"टाकली की," म्हणलं.

"ओली होती का गं?"

मला तरी काय माहीत? मी कुठं हात लावला?

"व्हय, ओली होती."

मग म्हणले, "मग ओंजळीत चांगली बसली असती."