मशीनची खोड

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय. मी मजेत आहे. गुडघ्याला तेल चोळतेस ना?

इथे धाप लागणाऱ्यांसाठी श्वासाच्या नव्या मास्कवर संशोधन चालतं. रोज रुग्ण यायच्या आधी मोजणीचं मशीन तपासायला नळीत मीच फुंकते. डॉक्टरीणबाई म्हणतात, "तुझा श्वास म्हणजे आमची फूटपट्टी!"

हल्ली माझा आकडा घसरत होता. "मशीन म्हातारं झालंय," म्हणत आम्ही खूप हसलो आणि नवीन मागवलं.

तेही तेच सांगतंय. आज बाई हसल्या नाहीत. उद्यापासून फुंकायला दुसरी मुलगी येणार आहे.

सहज विचारते गं, बाबांना पहिल्यांदा धाप लागली, तेव्हा ते किती वर्षांचे होते?

तुझी ठणठणीत,
बडबडी