रिकामं नाव

गोंदिया, गुरुवार, मार्च २०११

लिहूनच टाकते.

कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकांवर नव्या प्रोजेक्टची मांडणी करून देणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मीच लिहिलेली. नाव विचारायचं, त्या नावाचं जुनं फोल्डर असलं तर उडवायचं, नवं तयार करायचं. लॅबमधल्या मुलांचा अर्धा दिवस वाचायचा, म्हणून मी खूश होते. आज देवरीहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीनं, शोभानं, नाव न टाकताच एंटर दाबलं, आणि नावाशिवाय उरलेला पत्ता अख्ख्या वर्गाच्या प्रोजेक्टांच्या मोठ्या फोल्डरचा असल्यानं स्क्रिप्टनं तेच पुसून टाकलं. नाव रिकामं असेल तर थांब, एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती. एकच ओळ!

विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर शोभावर ओरडले, "डोळे मिटून बटणं दाबतेस का?" ती रडत होती. मी शेजारीच उभी, गप्प. का? नोकरी अजून कायम झाली नाही म्हणून?

दुपारभर शोधून त्या फोल्डरची आठवड्यापूर्वीची प्रत सापडली. मधलं सगळं काम गेलं, आणि सोमवारी परीक्षा.

पाच वाजता सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. तशीच धावत बसस्टँडवर गेले. देवरीची गाडी लागली होती, शोभा खिडकीशी बसलेली. खालूनच तिला सगळं सांगितलं, त्या ओळीसकट.

तिनं शांतपणे ऐकलं. "मंग सकाळीच काऊन नाही सांगितलं, मॅडम? सगळे मलेच बोलून राहिले होते."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.