बांधावरची हरळी

लातूर,
८ सप्टेंबर २०२४

ती. मामा,
सविनय जयभीम.

इकडे सगळे ठीक. तुमची बीपीची गोळी संपत आली असेल. किल्लारीत स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये मिळते, मी विचारून घेतलं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. शेजारच्या बुद्धप्रियाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा.

अंगणातल्या लॉनचं सांगते. तुम्ही इथे असताना तणनाशक फवारलं, त्यानंतर गवत पिवळं पडलं, मग नुसत्या काड्या राहिल्या. ज्या लव्हाळ्यासाठी फवारलं, तो तसाच हिरवा. सोयाबीनमधलं औषध ते. हरळी मारतं. आमचं लॉन म्हणजे हरळीच, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? तुम्ही आयुष्यभर ती खणून रानाबाहेर फेकली. कोणी ती विकत आणून दारात लावेल, हे कोण मानेल?

तुमचे चिरंजीव म्हणाले, "पेव्हर ब्लॉक टाकू. कटकट मिटेल." मिस्त्री माप घेऊन गेला. मी त्याला फोन करून नको म्हणाले. फरशी बसली की तुम्ही या दारात पाय ठेवणार नाही, हे मला दिसत होतं.

मेलेलं गवत खरवडून काढलं. लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. माती उकरून शेणखत घातलं, पाणी सोडत राहिले. औषध उतरलं का ते कळावं म्हणून कोपऱ्यात ज्वारी टाकली. तीही गवताच्याच जातीची. ती जगली तर हरळी जगेल. उगवली आणि वाळली. पुन्हा खणलं, पुन्हा टाकली. शेजारच्या साबेराभाभी कुंपणावरून म्हणाल्या, "रेणुका, हुरड्याला बोलवून राहिलीस की न्हाई?"

"बोलवते भाभी, आधी उगवू तर द्या."

दुसरी ज्वारी गुडघ्याला लागली. गर्द हिरवी. परवा हे ऑफिसला जाताना तिच्यापाशी थांबले. पान चोळून पाहिलं, तुम्ही पाहता तसं. तुमचा नंबर काढला, बघत राहिले आणि फोन खिशात ठेवला.

गवत पिवळं पडलेलं दिसलं त्या सकाळी हे तुम्हाला म्हणाले, "आबा, हे तुमचं रान न्हाई." मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं. तुम्ही "हाव" एवढाच होकार दिलात आणि पिशवी भरायला गेलात. तुमचा चहा ओट्यावरच निवला.

त्यांना फक्त गवताबद्दल म्हणायचं होतं, असं मी लिहिणार नाही. काय म्हणायचं होतं ते त्यांनीच सांगावं. तुमच्यासमोर.

नर्सरीवाला तयार लॉन देतो म्हणाला. घेतलं नाही. तुमच्या बांधावर हरळी आहेच. पोतंभर खणून आणा, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून. ज्वारी आज उपटली, जागा मोकळी केली. हरळी तुम्ही आणि हे, दोघंच लावाल. मी पाणी देईन. तोवर तिथे काहीही लागणार नाही.

शनिवारी ह्यांना सुट्टी आहे. पहिल्या गाडीने या.

माती ओली ठेवून,
तुमची सून
रेणुका