पात्यावरचे पाच डाग

१८ नोव्हेंबर २००७, रविवार

सकाळी भाईंदरला उतरलो. दाजी पूर्वेच्या रिक्षा स्टँडवर उभे होते. लांबूनच जयभीम केला, माझी पेटी हातातून काढून घेतली आणि घर येईपर्यंत परत दिली नाही. त्यांची खोली गोडदेवला दुसऱ्या मजल्यावर आहे. सरोजाताईनं भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. इथल्या गिरणीत ज्वारी दळायला द्यायची म्हणजे आधी समजावून सांगावं लागतं, म्हणाली. खिडकीतून इंद्रलोक भागातल्या अर्धवट बिल्डिंगा दिसतात.

ही वही आयटीआयचा निकाल लागला तेव्हाच लातूरला घेतली होती. नोकरी लागली की लिहायची, असं ठरवलेलं. उद्यापासून दाजींच्याच कारखान्यात लागतोय, ते तिथं फोरमन आहेत. खाली जाऊन आईला फोन केला. ती म्हणाली, सरोजाजवळ आहेस, आता मला घोर नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार

कारखाना म्हणजे एक गाळा. पुढे शटर, आत चार मशिनी, मागे पॅकिंगची जागा. हॉटेलांच्या किचनमध्ये लागणाऱ्या सुऱ्या इथं बनतात. मालक हरिश्चंद्रशेठ कमी बोलतात. माझ्याशिवाय दोघं कामगार आहेत, दोघंही यूपीचे, मागच्या महिन्यात लागलेले.

माझं काम नाजूक आहे. बेल्ट ग्राइंडरचा खरखरीत पट्टा गरगर फिरतो. पातं हातात धरून घासलं तर कुठं जाड राहतं, कुठं पातळ. म्हणून दाजींनी भंगारातल्या सामानातून एक अटॅचमेंट बनवलीय. एक स्लाइड, तिच्यावर चुंबकाची पट्टी. पातं चुंबकाला चिकटवायचं, स्लाइड पुढे-मागे करायची, की पातं पट्ट्यासमोरून सरळ रेषेत जातं. बाजूला नॉब आहे. तो एक घर फिरवला की केसाहून कमी जाडी उतरते. आयटीआयतल्या लाखाच्या मशीनवर जे शिकलो तेच काम या जुगाडावर होतं. मला दाजींचा फार अभिमान वाटला.

आधी यावर इथल्याच गोडदेव गावातला दत्ताराम म्हणून एक जण होता. तो दुबईला गेला. दाजी म्हणाले, हात चांगला होता त्याचा, तुझा त्याहून चांगला होईल.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

मायक्रोमीटर लावून प्रत्येक पातं तपासतो. आज शेठनी पहिल्यांदा मान डोलावली.

एक गोष्ट समजली नाही. पात्याचा एखादा भाग खोलगट असला की तिथं पट्टा पोचत नाही आणि काळा डाग राहतो. अजून थोडं घासलं की जातो. आज एका पात्यावर पाच डाग राहिले. चार ओळीनं, एक खाली बाजूला. नॉब सात घरं फिरवला तरी गेले नाहीत. पातं कागदासारखं झालं, टाकून द्यावं लागलं. दाजींना दाखवलं तर म्हणाले, माल खराब आलाय.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज तीन पात्यांवर. तेच पाच, तसेच.

घासल्यावर पातं इतकं तापतं की पाण्यात बुडवल्याशिवाय धरवत नाही. पण डागांवर बोट ठेवलं तर गार. आजूबाजूचं पोलाद चटका देतंय आणि तिथं गार. मी माझी पाच बोटं पाच डागांवर ठेवून बघितली. बरोबर बसली. डाग माझ्या बोटांपेक्षा थोडे मोठे आहेत. पलीकडून कुणीतरी पंजा दाबून धरावा तसे.

पातं भंगाराच्या डब्यात टाकलं. घरी सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

स्लाइड मागे सरकते. मी पट्ट्याकडे ढकलतो आणि ती उलटी माझ्याकडे येते. हळू, पण जोर लावून. ऑइल केलं, लेव्हल तपासली. गाळ्याची जमीन सपाट आहे. चार वेळा झालं. दुपारी दोन्ही हातांनी ढकलली तेव्हा समोरून कुणी श्वास रोखून रेटतंय असं वाटलं.

ताईला सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबले. मग म्हणाली, नवीन आहेस, होतं असं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी शटरपाशी एक म्हातारी आली. दत्तारामची आई, विमलाबाई. जुन्या गोडदेवात एकटीच राहते. दाजी बँकेत गेले होते, म्हणून माझ्याशीच बोलली. तिच्याजवळ मुलाचं पत्र होतं. लिहिता-वाचता येत नाही, आजूबाजूचे भाडेकरू परमुलखातले. दर वेळी दाजीच पत्र आणून देतात आणि तेच वाचून दाखवतात.

दाजींना ती खंडू म्हणते. म्हणाली, “परत वाचून दे ना रे बाला. खंडू घाईत वाचतो. माजा दत्ता बरा हाय ना?”

मी पत्र उघडलं. वर लिहिलं होतं की मी इथे सुखरूप आहे. त्यातला ख ‘रव’ असा सुटा काढलेला होता. ‘सुरवरूप’.

लहानपणी त्या ख वरून बाबा ताईला ओरडायचे. तिची ती खोड कधी गेली नाही. मला पत्र लिहायला तिनंच शिकवलं.

मी शेवटपर्यंत वाचलं. विमलाबाईनं घडी घालून पत्र कमरेला खोचलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

कामावर गेलो नाही. दाजी गेल्यावर ताईला सरळ विचारलं, दत्ताराम कुठं आहे?

ती खाली बसली. मग सगळं सांगितलं, शेजारपाजारचं काहीतरी सांगावं तशा सुरात. अटॅचमेंटचं चुंबक कच्चं आहे. तापलं की पकड सोडतं. दत्तारामनं तीनदा सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये, भर दुपारी, चुंबकानं पकड सोडली आणि पातं सुटून त्याच्या गळ्यात शिरलं. गाळ्याला परवाना नव्हता. शेठ आणि दाजींनी त्याला खाडीकडच्या मिठागरात नेलं. दाजींचे कपडे हिनं धुतले. पत्रं हिनं लिहिली.

मी विचारलं, चुंबक नवं बसवलं का?

ती जमिनीवरचा कचरा बोटानं गोळा करायला लागली.

“ताई, मी त्याच मशीनवर उभा राहतोय.”

“त्यांनीच सांगितलं तुला बोलवायला,” ती म्हणाली. “बाहेरचा माणूस विचारतो, आधीचा कुठं गेला म्हणून. घरचा विचारत नाही.”

मला भाकरी आठवली, ठेचा आठवला. बाहेर जाऊन ओकलो.

१ डिसेंबर, शनिवार

दाजींना सांगितलं, मी पोलिसात जाणार. आधी विमलाबाईकडे, मग पोलिसात. त्यांनी माझे पाय धरले. फोरमन माणूस, माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग ते म्हणाले, “तू म्हणतोस ते बरोबर आहे, धम्मा. मलाबी झोप लागत नाही. सोमवारी ऑर्डर जाऊ दे, मग आपण तिघं मिळून विमलाबाईकडं जाऊ.”

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटतेय.

२ डिसेंबर, रविवार

दोघं दिवसभर माझ्याशी चांगलं वागले. दाजी मटण घेऊन आले. ताई जेवली नाही. दुपारी ती काहीतरी लिहीत बसली होती, मी जवळ गेलो तर वहीवर पदर टाकला.

आता कळतंय. स्लाइड मला ओढत नव्हती. पट्ट्यापासून लांब ठेवत होती. मी दत्तारामला भूत समजून घाबरलो. घाबरायचं होतं ते घरात —

३ डिसेंबर, सोमवार

सकाळ. ऑर्डर गेली की विमलाबाईकडं जायचं ठरलंय म्हणून आलो, पण मशीन चालवणार नाही असं सांगितलं. दाजी बरं म्हणाले. फक्त पॅकिंग करतोय. दोघं कामगार आले नाहीत. शेठनी सुट्टी दिली म्हणे. मला कुणी सांगितलं नाही.

साडेबारा. शटर अर्धं खाली आहे. ऊन येतं म्हणून, दाजी म्हणाले. ते दाराशी बसलेत. मी मागे खोक्यांच्या आड बसून लिहितोय.

डबा उघडला. भाकरीच्या खाली, कागदात गुंडाळून, घडी केलेलं पत्र. ताईचं अक्षर. तारीख पंधरा डिसेंबरची —

प्रिय आईस, मी दुबईला सुरवरूप पोचलो. खोली चांगली आहे. फोन महाग पडतो म्हणून पत्र लिहीत आहे. काळजी करू नये. तुझा, धम्मदीप.

तीनदा वाचलं.

ताईनं हे चुकून ठेवलेलं नाही. तिनं मला सांगितलंय, पळ म्हणून. तोंडानं सांगता आलं नाही म्हणून — पण मग लिहिलं कशाला. लिहिताना हात कसा —

शटर पूर्ण खाली आलं. दाजी आत आहेत.

मशीनवर एक पातं लावलेलं आहे. मी लावलेलं नाही. पट्टा बंद आहे तरी पात्यावर डाग उमटतायत. पाच. मग आणखी पाच. दोन्ही पंजे —

दाजी हाक मारतायत. धम्मा, ये जरा, चुंबक बदलायचंय, एक हात लाव, मग निघू विमलाबाईकडं. ओरडत नाहीत. जेवायला बोलवतात तशी हाक. इतकी मायेची, की माझे पाय आपोआप