आजीकडून आलेलं आयुष्य

१२ सप्टेंबर
सकाळी तांदूळ निवडताना आजी, आईची आई, आठवली. सेक्टर पाचचं क्वार्टर, मागचं अंगण, स्टील प्लांटचा भोंगा नुकताच वाजून गेलेला. मी सात-आठ वर्षांची. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या गळ्यातल्या चांदीच्या छोट्या टाकाशी चाळा करत पडायची. त्यावर एक बाई उठवलेली, नाक पार झिजलेलं. जेवायला बसली की आजी पहिलं शीत त्या बाईला लावायची. ही कोण, म्हटलं की म्हणायची, "माही मोठी बहीण हाय. तिले आधी भूक लागते." मग आम्ही दोघी हसायचो.

आजी शहाऐंशी वर्षं जगली. हे मुद्दाम लिहून ठेवते.

कारण काल दुर्गच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीतली डाव्या बाजूची गाठ हाताने पाहिली आणि विचारलं, घरात आणखी कुणाला? मी सांगितलं, आईला बावन्नाव्या वर्षी. तिच्या सख्ख्या बहिणीला, रमामावशीला, त्याही आधी. त्या म्हणाल्या, याच आठवड्यात सुईने बायोप्सी. मुलगी आहे ना, तिलाही तपासायला सांगा.

दोन माणसांवरून काय ठरतं? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बजावायच्या, अर्ध्या माहितीवर उत्तर लिहायचं नाही. आधी आईकडची वंशावळ पद्धतशीर लावते. मग सुई.

ऐश्वर्याला तूर्त काही सांगायचं नाही. बेंगळुरूला तिच्या ऑफिसात ऑडिट आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार
'वंशावळ अभ्यास मंडळ, कोहका' आज स्थापन. सभासद तीन. मी. प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले अरुणकुमारजी. आणि शेजारच्या सिंधुताई, ज्यांचे मिस्टर रेल्वेत दुर्ग लाइनवर गार्ड होते. दर शनिवारी इंग्रजीतला एक विद्वान लेख वाचायचा, चर्चा करायची. बारा लेख डाउनलोड करून प्रिंट काढले, स्पायरल लावून घेतलं. डिसेंबरपर्यंत आम्ही तिघं या विषयात तयार होऊ.

सिंधुताई म्हणाल्या, "पितृपक्ष तोंडावर आला अन् तुमी नवं सुरू करून राहिल्या?" मी म्हटलं, वंशावळीला याहून चांगला मुहूर्त कोणता?

२१ सप्टेंबर
पहिल्या लेखाचं दीड पान झालं. अपेक्षेपेक्षा उत्तम. मी वाचते आणि मराठीत सांगते. मुद्दा असा की एकाच साक्षीवर निष्कर्ष काढू नये. अगदी पटलं. डॉक्टरीणबाई ही एकच साक्ष आहे.

मध्येच दवाखान्यातून फोन. उचलला नाही. अभ्यासाच्या वेळी फोन घ्यायचा नाही, हा मंडळाचा नियम आहे. नियम आजच केला.

साबुदाणा वडे संपले. सिंधुताईंना लेख आवडला.

२८ सप्टेंबर
दुसरा लेख. घराण्यातल्या दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे. अरुणकुमारजींच्या घरी चार पिढ्या सांगत आल्या आहेत की मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेत सरदार होता. ते म्हणाले, हा लेखक परदेशी आहे, त्याला नागपूर काय माहीत. चहा न घेता गेले.

तक्ता भिंतीवर लावला. आई आणि मावशीच्या चौकटी लाल. त्यांच्यावर आजीची, हिरवी. हिरवी मुद्दाम मोठी काढली आहे. मूळ मजबूत आहे. मी आजीवर गेले आहे, सगळेच म्हणायचे.

५ ऑक्टोबर
ब्लाउज डावीकडे घट्ट होतो. टेलर बदलायला हवा.

अरुणकुमारजी परत आले. त्यांनी लेखाऐवजी फक्त तळटिपा वाचल्या आणि त्यांत दोन चुका काढल्या. तिसऱ्या लेखात म्हटलंय, आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपणच आधी शोधावा. हे मला जरा उद्धट वाटलं. पुढच्या लेखावर गेलो.

१० ऑक्टोबर
ऐश्वर्याचा फोन. म्हणाली, आई, तू दमल्यासारखी वाटतेस. मी म्हटलं, संशोधन आहे. तिने विचारलं, ॲक्चुअली कुठपर्यंत आलीस? आजीपर्यंत, म्हटलं. म्हणाली, मग काय, मम्मा, हंड्रेड मारशील!

काखेत वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. डास चावला असेल.

१९ ऑक्टोबर
चौथा लेख. वस्तूही बोलतात, त्यांना साक्षीदारासारखं प्रश्न विचारा. प्रात्यक्षिक ठरलं. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची. मी आजीचा टाक आणणार. हा सोपा पेपर आहे. आजीचं दीर्घायुष्य, तिची कुलदेवता, सगळं एका वस्तूत.

२६ ऑक्टोबर
अरुणकुमारजींनी तलवार आणली. तिच्यावर जबलपूरच्या दुकानाचा शिक्का निघाला. त्यांनी ती परत कापडात गुंडाळली.

मग मी टाक पुढे केला. म्हटलं, आमची कुलदेवता. सिंधुताईंनी हात पुसले, टाक उजेडात धरला आणि लगेच खाली ठेवला.

"अवो बाप्पा. शीलाबाई, हे देवी नोहे. हा सवतीचा टाक हाय."

मी म्हटलं, म्हणजे?

"पयली बायको मेली ना, का दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालत. तिनं हिले त्रास देऊ नये म्हणून. जेवताना आधी तिले घास. माह्या सासूच्या गळ्यात बी होता. तुमची आजी दुसरेपणाची होती काय?"

मी म्हटलं, शक्य नाही. एकच साक्ष आहे.

त्यांनी वडा परत ताटलीत ठेवला. म्हणाल्या, "तुमी ही वंशावळ कावून काढून राहिल्या, मले खरं सांगा."

भात लावला आहे असं त्यांना सांगून मी आत गेले. भात लावलेला नव्हता.

२७ ऑक्टोबर
दुसरी साक्ष घ्यायलाच हवी होती. नागपूरला देवरावमामांना फोन केला. आईचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. टाकाचं विचारलं. त्यांनी आधी टीव्ही बंद करायला लावला.

मग म्हणाले, "तुह्या आईची अन् रमीची आई वेगळी. रमी चालू लागली तवा गेली. मी मागून झालो, माह्या आईचा."

कशाने गेली?

"छातीवर जखम होती म्हनत. मागच्या पडवीत झोपवत तिले. पोरींले जवळ जाऊ देत नव्हते."

मी विचारलं, आम्हाला कुणी सांगितलं का नाही? मामा चिडले. "काय सांगाचं? माह्या मायनं तुह्या मायले कधी सावत्र म्हटलं नाई. कोनाले म्हनू दिलं नाई."

तिचं नाव? मामांना ठाऊक नाही. घरात सगळे 'टाक' म्हणत.

हिरव्या चौकटीतून आई-मावशीकडे येणारी रेघ खोडली. आजीकडून मला मांडी मिळाली, हसू मिळालं. आयुष्य नाही मिळालं. वर नवी चौकट काढली, लाल. नावाची जागा कोरी.

६ नोव्हेंबर
सुई झाली. सिंधुताई सोबत आल्या. बाहेरच्या बाकावर त्या नर्सशी माझ्या आईकडच्या नात्यांविषयी बोलत होत्या, सगळं बरोबर सांगत होत्या.

१३ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. काखेपर्यंत गेलं आहे. आधी औषध, मग ऑपरेशन. उशीर केलात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. फक्त पहिल्या भेटीची तारीख दोनदा पाहिली.

ऐश्वर्याला सगळं सांगितलं. खूप रडली. शुक्रवारी येते आहे. तिच्या तपासणीचं काढलं तर म्हणाली, "हो गं आई, करते ना. ऑडिट संपू दे. आधी सगळी माहिती नीट गोळा करते, ऑनलाइन पुष्कळ आर्टिकल्स आहेत."

अगदी माझ्यावर गेली आहे.

१७ नोव्हेंबर
उद्या भरती. मी नसले तर, आणि असले तरी:

बारा लेख अरुणकुमारजींना. चौथ्याच्या पुढचे अजून उघडलेले नाहीत. तळटिपा भरपूर.

साबुदाण्याचा मोठा डबा आणि पितळी किसणी सिंधुताईंना. मंडळ त्यांनी चालवावं. इंग्रजीची गरज नाही.

तक्ता देवरावमामांना दाखवू नये.

टाक ऐश्वर्याला. पण तो सिंधुताईंकडे राहील. तिने तपासणी करून रिपोर्ट समोर ठेवल्याशिवाय देऊ नये. फोनवर सांगितलेलं धरू नये, रडली तरी देऊ नये.

तोवर सिंधुताईंनी जेवताना पहिलं शीत टाकातल्या बाईला लावावं. नाव नसलं तरी ती आमची आहे.